हल्ल्याच्या आधीचं काम: ज्यू, ख्रिस्ती आणि मुस्लिम शेजाऱ्यांनी अतिरेकाविरुद्ध एकत्र कसं यावं

२६ जुलै २०१६. उत्तर फ्रान्समधल्या सँ-एतिएन-द्यु-रुव्रे या गावात सकाळचा मिस्सा, म्हणजे कॅथलिक उपासना, चालू होता. दोन तरुण चर्चमध्ये शिरले आणि आयसिसचं नाव घेत त्यांनी ८५ वर्षांच्या फादर जाक हामेल यांचा खून केला. पुढच्या रविवारी फ्रान्सभर मुसलमान नागरिक चर्चमध्ये जाऊन मिस्साला बसले. गावातल्या मुस्लिम मंडळींनी हल्लेखोराचं दफन करायला नकार दिला. वर्तमानपत्रांनी याला उत्स्फूर्त प्रतिक्रिया म्हटलं. पण त्या गावची मशीद २००० साली उभी राहिली ती कॅथलिक चर्चने दिलेल्या जागेवर, आणि फादर हामेल तिथल्या मुस्लिम पुढाऱ्यांसोबत आंतरधर्मीय समितीत बसत असत. ओळख आधीची होती, म्हणून तो रविवार घडला.

यातली दफनाची गोष्ट मुंबईकराला ओळखीची वाटेल. २६/११ च्या हल्ल्यात १६६ माणसं गेली. त्यांत नरिमन हाउस या ज्यू केंद्रातले रब्बी गॅव्रिएल होल्ट्झबर्ग आणि त्यांची पत्नी रिव्का हेही होते. ठार झालेल्या नऊ हल्लेखोरांना मरीन लाइन्सच्या बडा कब्रस्तानात जागा द्यायला तिथल्या जामा मशीद ट्रस्टने साफ नकार दिला. ते मृतदेह वर्षभराहून जास्त काळ जे. जे. रुग्णालयाच्या शवागारात पडून होते.

अशा वेळी जे दिसतं, त्याच्या आधी काय करून ठेवायला हवं, एवढ्यापुरताच हा लेख आहे. मुंबई, ठाणे, पुणे इथल्या किंवा मँचेस्टर, न्यू जर्सीकडे राहणाऱ्या, आणि ‘आपल्या भागात असं काही सुरू करता येईल का’ असा विचार करणाऱ्या माणसासाठी तो लिहिला आहे. शाल-श्रीफळ, कबुतरं आणि सर्वधर्म-समभावाचा फलक यांबद्दल इथे काही मिळणार नाही.

एक गोष्ट सुरुवातीलाच स्पष्ट करतो. महाराष्ट्रात रोजचा धार्मिक ताण बहुतेकदा या तिघांमधला नसतोच. त्यामुळे हिंदू शेजाऱ्यांना बाहेर ठेवून ही बैठक चालवणं इथे अर्धवट ठरेल. तरी तिघांचं असं काही वेगळं आहे: एकाच इब्राहिमची लेकरं असल्याचं नातं, आणि त्या नात्यातूनच आलेली जुनी भांडणं. म्हणून वाचनाची आणि आपसातल्या बोलण्याची बैठक तिघांची ठेवावी, आणि प्रत्यक्ष कामात सगळ्या गल्लीला घ्यावं.

पहिली पायरी: अतिरेक म्हणजे काय, ते आधी कागदावर

बहुतेक गट इथेच फसतात, कारण अतिरेक म्हटलं की खोलीतल्या प्रत्येकाच्या डोळ्यांपुढे दुसऱ्याचा माणूस येतो. पहिल्याच भेटीत एक पान लिहून काढा. त्यात तिन्ही घरांतली उदाहरणं हवीत. ९ जानेवारी २०१५ ला पॅरिसमध्ये कोशर, म्हणजे ज्यू आहारनियमांप्रमाणे माल ठेवणाऱ्या, दुकानात आयसिसच्या नावाने चार ज्यूंची हत्या झाली. २५ फेब्रुवारी १९९४ ला हेब्रॉनच्या इब्राहिमी मशिदीत बारूख गोल्डस्टाइन या ज्यूने नमाज पढणाऱ्या २९ जणांना गोळ्या घातल्या. २२ जुलै २०११ ला नॉर्वेत आंदर्स ब्रेविकने स्वतःला ख्रिस्ती युरोपचा रक्षक म्हणवत ७७ माणसं मारली. तीनही नोंदी एकाच पानावर, एकाच आकाराच्या अक्षरांत.

त्या पानाखाली एकच नियम लिहा: आपल्या घरातल्या अतिरेक्याबद्दल आपण बोलायचं, दुसऱ्याकडून निषेध मागायचा नाही. ‘तुमचे लोक गप्प का?’ हा प्रश्न गटात बंद. मुसलमानाने आयसिसबद्दल बोलावं, ज्यूने गोल्डस्टाइनबद्दल, ख्रिस्ती माणसाने ब्रेविकबद्दल आणि शतकानुशतकं चर्चमधून शिकवलेल्या ज्यूद्वेषाबद्दल.

हे करता येतं, कारण तिन्ही परंपरांत ते झालेलं आहे. येशूच्या मृत्यूचा दोष सगळ्या ज्यूंवर टाकण्याची शिकवण कॅथलिक चर्चने २८ ऑक्टोबर १९६५ ला ‘नोस्त्रा एताते’ या घोषणापत्रात अधिकृतपणे नाकारली. सप्टेंबर २०१४ मध्ये शंभराहून अधिक मुस्लिम विद्वानांनी आयसिसचा म्होरक्या बगदादी याला खुलं पत्र लिहून त्याचे दावे कुराण-हदीसच्याच आधारे मुद्देसूद खोडले. हेब्रॉनच्या हत्याकांडानंतर इस्राएल सरकारने गोल्डस्टाइन ज्याचा अनुयायी होता त्या ‘काख’ या कडव्या ज्यू पक्षावर बंदी घातली, आणि त्याच्या थडग्याभोवती उभं राहिलेलं पूजास्थान १९९९ मध्ये लष्कराने पाडलं. २०११ पासून तिथे ‘ताग मेइर’ नावाचा गट काम करतो. ज्यू अतिरेक्यांनी मशीद किंवा चर्च जाळलं, की त्याचे लोक तिथे भेटीला जातात. जून २०१५ मध्ये गालील समुद्राकाठच्या ताबघा इथलं चर्च जाळलं गेलं तेव्हाही ते गेले.

‘अतिरेक्याला धर्म नसतो’ हे वाक्य मात्र गटात कुणालाही म्हणू देऊ नका. ऐकायला चांगलं आहे, पण त्याने जबाबदारी झटकली जाते. तो आपल्याच ग्रंथातलं वचन घेऊन उभा असतो. ते वचन तो कसं वाचतो आणि आपण कसं वाचतो, याचं उत्तर आपल्यालाच द्यावं लागतं.

दुसरी पायरी: माणसं

मोठे धर्मगुरू बोलावून सुरुवात करू नका. त्यांना वेळ नसतो आणि प्रत्येक वाक्यामागे संस्था उभी असते. प्रत्येक समाजातले तीन-तीन जण पुरेत. त्यांत निदान एक बाई आणि एक तिशीच्या आतलं कुणी हवंच. शिक्षक, नर्स, दुकानदार, हाउसिंग सोसायटीचा सेक्रेटरी, कब्रस्तानाचा किंवा सिमेटरीचा कारभार पाहणारा ट्रस्टी, अशी माणसं चालतात, कारण लोक त्यांना आधीपासून ओळखतात.

फादरांना, मौलानांना, सिनेगॉगच्या (ज्यूंच्या प्रार्थनास्थळाच्या) हज्जानला, म्हणजे तिथली प्रार्थना चालवणाऱ्याला, मात्र आधी जाऊन भेटा. परवानगी मागू नका, कल्पना द्या. त्यांचा मूक होकार असला तरी काम भागतं, पण उघड विरोध झाला तर तुमची माणसं एकेक करून गळतात.

महाराष्ट्रात एक खास अडचण येते. ज्यू समाज आता फार थोडा उरला आहे. बेने इस्राएल, म्हणजे इथल्या मराठी ज्यूंची, कुटुंबं मुख्यतः मुंबई-ठाण्यात आणि काही कोकणात, पुण्यात. बरेचजण इस्राएलला गेले. त्यामुळे प्रत्येक आंतरधर्मीय कार्यक्रमाला त्याच दोन-चार माणसांना खुर्चीवर बसवलं जातं आणि ती कंटाळून जातात. ज्यू सदस्य मिळाला नाही म्हणून काम थांबवू नका, आणि मिळाला तर त्याला शोभेसाठी वापरू नका. तो येणार नसेल त्या दिवशी ज्यूंबद्दलचा विषय घ्यायचा नाही, एवढं पाळलं तरी पुष्कळ.

ओळखी नव्याने शोधायला लागतात असंही नाही. सॅम्युअल स्ट्रीटवरचं १७९६ मध्ये स्थापन झालेलं शार हारहमीम सिनेगॉग मुस्लिम वस्तीच्या मधोमध आहे. भायखळ्याच्या मागेन डेव्हिड सिनेगॉगच्या आवारातल्या शाळेत बहुसंख्य मुलं मुस्लिम आहेत. पुण्याच्या कॅम्पातलं लाल देऊळ, म्हणजे ओहेल डेव्हिड सिनेगॉग, मशिदी आणि चर्च यांच्या मधेच आहे. शाळेचे माजी विद्यार्थी, रखवालदार, समोरचा चहावाला यांच्यापासून सुरुवात केली तर अर्धी यादी तयार होते.

तिसरी पायरी: वार, जागा आणि ताट

हा भाग किरकोळ वाटतो. माझ्या मते बैठका सगळ्यात जास्त याच कारणाने मोडतात.

आधी वार. शुक्रवारी दुपारी जुम्मा. शुक्रवारच्या सूर्यास्तापासून शनिवारी रात्र पडेपर्यंत शब्बाथ, त्या काळात धार्मिक ज्यू गाडीत बसत नाही, लिहीत नाही, फोन उचलत नाही. रविवार चर्चचा. मुंबईत बुधवारही सोडावा लागतो, कारण माहीमच्या चर्चमधल्या नोव्हेना प्रार्थनेला अर्धं कॅथलिक शहर लोटतं. गुरुवारी संध्याकाळी दर्ग्यावर जाणारे पुष्कळ. उरले सोमवार आणि मंगळवार. त्यातला एक कायमचा ठरवून टाका, दर वेळी मतदान घेत बसू नका.

मग वर्षाचं कॅलेंडर. इस्लामी वर्ष चांद्र असल्याने रमजान दर वर्षी साधारण ११ दिवस आधी येतो. ज्यू वर्षही चांद्रच आहे, पण त्यात आपल्या अधिक महिन्यासारखा महिना टाकतात, म्हणून योम किप्पूर हा प्रायश्चित्ताचा दिवस कायम सप्टेंबर-ऑक्टोबरमध्येच पडतो. गुड फ्रायडे मार्च-एप्रिलमध्ये पुढेमागे होतो. तिन्ही कॅलेंडरं जानेवारीत समोर ठेवून वर्षाच्या बैठका आखा. रमजानात बैठक घ्यायचीच असेल तर इफ्तारला जोडून घ्या. मगरिबच्या (सूर्यास्तानंतरच्या) नमाजला दहा-पंधरा मिनिटांची मोकळीक आणि एक स्वच्छ कोपरा ठेवा.

जागा. पहिल्या बैठका कुणाच्याही प्रार्थनास्थळात नकोत. पुष्कळ धार्मिक ज्यू चर्चच्या गाभाऱ्यात पाऊल ठेवत नाहीत. काही मुस्लिमांना आणि ख्रिस्ती लोकांनाही असाच संकोच असतो. शाळेचा हॉल, ग्रंथालय, सोसायटीची खोली उत्तम. ओळख झाल्यावर एकमेकांच्या प्रार्थनास्थळांना भेटी द्या, पण प्रार्थनेच्या वेळा टाळून. सिनेगॉगमध्ये पुरुषांनी डोकं झाकायचं, मशिदीत चपला बाहेर. स्त्री-पुरुषांनी हस्तांदोलनासाठी हात पुढे करण्याआधी थांबायचं. छातीवर हात ठेवून किंवा नमस्कार करून भागतं, आणि आपल्याकडे नमस्कार हा सोयीचा तोडगा आहेच.

ताटाचा प्रश्न थोडा सविस्तर सांगतो. हलाल मांस धार्मिक ज्यूला चालतच असं नाही. कोशरचे नियम अधिक कडक आहेत: मांस आणि दूध एकत्र नाही, आणि ज्या भांड्यात ते शिजलं तेही चालत नाही. म्हणून मांसाहार सरळ बाद करा. जेलाटिनची जेली, मार्शमेलो, काही बिस्किटं दोघांनाही अडचणीची. दारू टेबलावर नको, मग ती ख्रिस्ती सदस्याने घरची आणलेली का असेना. बिनदुधाचा चहा, सुका मेवा, फळं, शेंगदाणे आणि कागदी ताटल्या एवढ्यात सगळे बसतात. बेने इस्राएलांचा मलिदा याला फार चांगला: भिजवलेले गोड पोहे, ओलं खोबरं, सुका मेवा आणि फळं. मांस नाही, दूध नाही. नारळाच्या दुधातला चीक-हलवा कुणी घरून आणला तर बैठक लांबणार हे धरून चाला.

एकत्र प्रार्थना करायची का, हा प्रश्न येईलच. नको. पोप जॉन पॉल दुसरे यांनी २७ ऑक्टोबर १९८६ ला इटलीतल्या असिसीत जगातल्या धर्मांना बोलावलं तेव्हाही सगळ्यांनी मिळून एक प्रार्थना म्हटली नव्हती. प्रत्येकाने आपापली म्हटली, बाकीचे आदराने शांत राहिले. सगळ्यांना चालेल अशी पातळ प्रार्थना रचायला गेलात, तर प्रत्येक घरातले निष्ठावान लोक दूर जातील. आणि आपल्याला तेच हवे आहेत. उदारमतवाद्यांनी उदारमतवाद्यांना भेटून अतिरेक कमी होत नाही.

चौथी पायरी: एकत्र वाचन

१९९० च्या दशकात पीटर ओक्स हे ज्यू आणि डेव्हिड फोर्ड, डॅनियल हार्डी हे ख्रिस्ती विद्वान यांच्या पुढाकाराने तिन्ही धर्मांचे ग्रंथ एकत्र बसून वाचण्याची एक पद्धत रुजली, मुस्लिम अभ्यासकही लगेच त्यात आले. विद्यापीठात सुरू झाली तरी ती गल्लीतही चालते. प्रत्येक ग्रंथातला एक छोटा उतारा, प्रत्येकी दहा-बारा ओळींचा. ज्याचा ग्रंथ त्याने दोन मिनिटांत संदर्भ सांगायचा, मग सगळ्यांनी प्रश्न विचारायचे. एकमत व्हायची गरज नाही. पांडित्यही नको.

सुरुवात इब्राहिम मुलाचा बळी द्यायला निघतो त्या गोष्टीने करू नका. बायबलमध्ये वेदीवर मुलगा इसहाक आहे. कुराणात नाव नाही आणि बहुतेक मुसलमान तो इस्माईल मानतात. पहिल्याच दिवशी वारसाहक्काचा वाद सुरू होतो. युसुफची, म्हणजे योसेफाची गोष्ट घ्या. उत्पत्तीच्या पुस्तकात ती ३७ ते ५० या अध्यायांत आहे, कुराणात बारावी सूरा सबंध तिची, आणि नव्या करारात प्रेषितांच्या कृत्यांच्या सातव्या अध्यायात स्तेफन ती थोडक्यात सांगतो. युसुफला घालवून देऊन भावांनी बापापुढे त्याचा खोट्या रक्ताने माखलेला अंगरखा आणला, तेव्हा बायबलमधला याकोब मुलगा मेला असं मानून कपडे फाडतो. कुराणातला याकूब मुलांवर विश्वासच ठेवत नाही आणि सबर धरतो. अंगरखा दुसऱ्यांदा येतो तेव्हा गंमत उलटी होते. बायबलमध्ये त्याच्यावर खोटा आळ घेणाऱ्या मालकाच्या बायकोच्या हाती राहिलेलं वस्त्र युसुफला तुरुंगात घालतं, कुराणात मागून फाटलेला सदरा त्याला निर्दोष ठरवतो. दोन्हीकडे शेवटी भाऊ समोर उभे असतात आणि तो सूड घेत नाही. या एका गोष्टीवर तीन-चार बैठका सहज जातात.

वाचन मराठीत ठेवा. मराठी बायबल आणि कुराणाची मराठी भाषांतरं मिळतात. बेने इस्राएलांनी १८४६ मध्येच मुंबईत वल्हांडण या ज्यू सणाच्या रात्री वाचायची हग्गादा ही पोथी हिब्रू-मराठीत छापली होती, आणि पुढे बायबलमधल्या कथांवर मराठी कीर्तनंही केली. मूळ हिब्रू किंवा अरबी ओळ ज्याला येते त्याने एकदा मोठ्याने म्हणावी, अर्थ मात्र घरच्या भाषेत काढावा.

पाचवी पायरी: एक धड काम

सहा महिन्यांच्या आत हाताने करायचं काहीतरी हवं. बोलण्याने ओळख होते, विश्वास बसायला काम लागतं. इंग्लंडमधल्या ब्रॅडफर्डचं उदाहरण मला फार आवडतं. तिथलं १८८० च्या सुमाराचं सिनेगॉग २०१२-१३ मध्ये छताच्या दुरुस्तीअभावी बंद पडायच्या बेतात होतं, कारण भाविक मूठभर उरले होते. शहरातल्या मुस्लिम मंडळींनी, त्यात मशिदींच्या परिषदेचे लोक आणि एक हॉटेलवाला होता, पैसे उभे केले आणि ते वाचलं. ओळख झाली होती ती मात्र सिनेगॉगशेजारच्या एका बांधकामाला हरकत घेताना. म्हणजे नगरपालिकेचा अर्ज! तुमच्या गल्लीतही असा अर्ज सापडेल: तुंबणारं गटार, कब्रस्तानाकडे जाणारा बिनदिव्याचा रस्ता, सिमेटरीची पडलेली भिंत.

सहावी पायरी: फोन-यादी आणि पहिले ४८ तास

सगळ्या कामाचा कणा ही यादी आहे. एका पानावर प्रत्येक प्रार्थनास्थळाचे दोन जबाबदार माणसांचे फोन, पोलीस ठाण्याचा नंबर, तातडीसाठी ११२, आणि शब्बाथला फोन न घेणाऱ्या ज्यू सदस्यांकडे प्रत्यक्ष जाऊन निरोप देणारा शेजारी. दर तीन महिन्यांनी प्रत्येक नंबर लावून पाहा.

हल्ला जगात कुठेही झाला तरी इथे पडसाद उमटतात, म्हणून क्रम आधी ठरलेला असावा. पहिल्या तासात ज्यांच्यावर घाव झाला त्यांना फोन करा आणि एकच विचारा: काय हवं आहे? कधी त्यांना दारात माणसं उभी हवी असतात, कधी कुणीच यायला नको असतं. डेन्मार्कमध्ये कोपनहेगनच्या सिनेगॉगवर हल्ला झाल्यावर २१ फेब्रुवारी २०१५ ला नॉर्वेत ऑस्लोच्या मुस्लिम तरुणांनी तिथल्या सिनेगॉगभोवती माणसांचं कडं केलं. हजाराहून जास्त लोक आले. ते शोभलं, कारण सिनेगॉगच्या लोकांना आधी विचारलं होतं. टेक्ससमधल्या व्हिक्टोरिया शहरात जानेवारी २०१७ मध्ये मशीद जळाली, तेव्हा तिथल्या ज्यूंनी आपल्या सिनेगॉगची किल्लीच मुसलमानांकडे दिली. छोटं शहर, सगळे एकमेकांना ओळखणारे. भाषण कुणी केलं का, हे कुणाच्या लक्षातही नाही.

त्याच दिवशी निवेदन काढा, पाच ओळींचं. मसुदा आधीच तयार असावा, फक्त नावं भरायची. पहिल्या ओळीत कोण मारले गेले आणि कुणी मारलं हे स्पष्ट. ‘पण’ आणि ‘मात्र’ हे शब्द निवेदनात चालणार नाहीत. हल्लेखोर ज्यांचं नाव घेतो, त्या समाजाच्या सदस्याची सही सगळ्यात वर.

पैसा गोळा करायचा असेल तर तो पीडितांच्या संस्थेमार्फतच. २७ ऑक्टोबर २०१८ ला पिट्सबर्गच्या ‘ट्री ऑफ लाइफ’ सिनेगॉगमध्ये ११ जण मारले गेले, तेव्हा अमेरिकी मुस्लिमांनी दोन लाख डॉलरहून जास्त रक्कम जमवली. १५ मार्च २०१९ ला न्यूझीलंडमध्ये क्राइस्टचर्चच्या मशिदींत ५१ जण गेले, तेव्हा पिट्सबर्गच्या ज्यूंनी तिकडे मदत पाठवली.

सातवी पायरी: द्वेषाची वही

मोठा हल्ला एकदम होत नाही. आधी भिंतीवर काहीतरी लिहिलेलं असतं, शाळेत पोराला चिडवलेलं असतं, एखादा फॉरवर्ड फिरलेला असतो. ब्रिटनमध्ये ज्यूंच्या सुरक्षेसाठी ‘कम्युनिटी सिक्युरिटी ट्रस्ट’ अशा घटनांची नोंद ठेवतो. २०१२ मध्ये मुस्लिमविरोधी घटना नोंदवण्यासाठी ‘टेल मामा’ सुरू झालं, तेव्हा या ज्यू संस्थेने आपली पद्धत त्यांना शिकवली. तिघांच्या सहकार्याचं याहून ठोस उदाहरण मला माहीत नाही, आणि गंमत म्हणजे फोटोत दाखवण्यासारखं त्यात काहीच नाही.

तुमची वही साधी ठेवा: तारीख, वेळ, जागा, काय झालं, पुरावा, तक्रार केली का, आणि नाव नोंदवायला त्या माणसाची संमती आहे का. द्वेषाचा मेसेज निषेधासाठीसुद्धा पुढे पाठवू नका. स्क्रीनशॉट, पाठवणाऱ्याचा क्रमांक आणि गटाचं नाव टिपून ठेवा. धर्मांत वैर पसरवण्याबद्दल भारतीय न्याय संहितेचं कलम १९६ आहे (जुनं १५३-अ), आणि धार्मिक भावना मुद्दाम दुखावण्याबद्दल कलम २९९ (जुनं २९५-अ). दुसरं जपून वापरा. प्रत्येक टीकेवर ते लावत सुटलात, तर तुमचाच गट असहिष्णू ठरेल.

पोलीस ठाण्यात सणांआधी शांतता समितीच्या बैठका होतात. तिथे तुमचा एक माणूस असू द्या. १९८४ च्या दंगलीत होरपळलेल्या भिवंडीत सुरेश खोपडे यांनी १९८८ पासून पोलीस अधिकारी म्हणून मोहल्ला कमिट्या उभारल्या, त्यांत साध्या रहिवाशांना घेतलं, आणि १९९२-९३ मध्ये मुंबई पेटली तरी भिवंडी शांत राहिली. ती हिंदू-मुस्लिम कहाणी आहे, पण रचना जशीच्या तशी उचलता येते.

आठवी पायरी: वाट चुकणारा पोरगा

इथे आंतरधर्मीय गटाचं काम मर्यादित आहे, आणि ते तसंच राहू द्यावं. २०१४ मध्ये कल्याणहून चार तरुण आयसिसमध्ये सामील व्हायला इराककडे निघून गेले, तेव्हा घरच्यांना आधी काही कळलं नव्हतं. अशा पोराशी बोलायचं ते त्याच्या मामाने, शिक्षकाने, त्याच्याच मशिदीतल्या जाणत्या माणसाने. दुसऱ्या धर्माचा माणूस उपदेश करायला गेला तर उलट परिणाम होतो. डेन्मार्कमधल्या आर्हूस शहरात पोलीस आणि पालिका मिळून अशा तरुणांना एक ठरलेला मार्गदर्शक देतात, शिक्षण-नोकरीची वाट दाखवतात, आणि पालकांचेही गट चालवतात. तुमच्या गटाने एवढंच करावं: घरच्यांना कुणाकडे जायचं ते सांगा, आणि पोराला शिकवणी, खेळ, कामधंदा यांत इतर धर्मांच्या पोरांबरोबर जागा मिळवून द्या. हिंसेचा प्रत्यक्ष बेत कळला तर मात्र गुप्ततेची शपथ वगैरे बाजूला ठेवून लगेच पोलीस.

पैसा आणि नोंदणी

पहिली दोन वर्षं संस्था नोंदवू नका. पदं आली की भांडणं येतात. वर्गणी काढा, हिशेब दर महिन्याला वाचून दाखवा. पुढे ट्रस्ट करायचा असेल तर धर्मादाय आयुक्तांकडे नोंदणी लागते, आणि परदेशी नागरिकाकडून किंवा संस्थेकडून एक डॉलरही घ्यायचा असेल तर त्यासाठीची वेगळी केंद्रीय परवानगी. ती नसताना अमेरिकी नागरिक झालेल्या भावाचा चेक स्वीकारू नका.

शेवटचं आणि सगळ्यात अवघड: गाझा

७ ऑक्टोबर २०२३ ला हमासने इस्राएलवर केलेला हल्ला आणि त्यामागून गाझात झालेलं युद्ध यांनंतर जगभर असे अनेक गट फुटले. हा विषय टाळून चालत नाही, आणि पहिल्या बैठकीत घेऊनही चालत नाही. एखादं काम मिळून पार पडलं, एखादा ताण मिळून निभावला, की मग घ्या. तोवर कुणी काढला तर ‘हा विषय घ्यायचा आहे, तारीख ठरवू’ एवढंच उत्तर द्या, आणि तारीख खरोखर ठरवा.

त्या दिवशी नियम तीन. प्रत्येकाने स्वतःचं किंवा नातेवाइकांचं काय झालं, काय वाटलं, तेवढंच सांगायचं. कुणीही सरकारचा किंवा संघटनेचा वकील व्हायचं नाही. बोलणाऱ्याला मधे तोडायचं नाही आणि लगेच उत्तर द्यायचं नाही, दुसऱ्याने आधी ऐकलेलं आपल्या शब्दांत परत सांगायचं. मेलेल्यांची तुलना नाही. इस्राएली आणि पॅलेस्टिनी अशा दोन्हीकडच्या, स्वतःचं माणूस गमावलेल्या कुटुंबांचा एक मंच १९९५ पासून चालतो. आज त्यात सहाशेहून अधिक कुटुंबं आहेत. तीही राजकारणावर एकमत नसताना एका खोलीत बसतात.

हे करूनही कुणी गट सोडेल. एखादा ज्यू सदस्य म्हणेल की माझा भाचा तिकडे सैन्यात आहे, मला हे ऐकवत नाही. एखादा मुस्लिम सदस्य म्हणेल की तिथे मुलं मरत असताना मी इथे चहा पिऊ शकत नाही. दोघांनाही जाऊ द्या, जाहीर चर्चा करू नका, समजूत घालायला शिष्टमंडळ पाठवू नका. ज्याच्याशी त्यांचं पटतं, अशा एकाच सदस्याने महिन्याभराने साधा फोन करावा, आणि तो गटाबद्दल नको. पुढच्या तिमाहीला नंबर तपासताना त्यांचे नंबरही तपासा. गटाची बैठक आणि गल्लीची फोन-यादी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि दुसरीत राहायला पहिलीत असण्याची अट ठेवायची नाही.